हिच्या हातचं पाणी

"हिच्या हातचं पाणी आम्ही पितो."

बाबूजी हे पाहुण्यांना सांगत होते तेव्हा मी त्यांच्या समोरच ट्रे धरून उभी होती. पाहुणे नागपूरचे. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं. एकाने पेला उचलला आणि डोळे मिटून प्यायला, तीर्थ घेतात तसा. दुसऱ्याने बाबूजींचा हात धरला. "धन्य आहे तुमची," म्हणाला.

पाणी मी भरलं होतं. धन्य ते झाले.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाबूजी आमच्या संस्थेचे अध्यक्ष. तुमसरात त्यांची राइस मिल, मिलच्या बाजूच्या इमारतीत संस्थेचं ऑफिस. संस्थेचं काम मात्र आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथली बालवाडी आणि बायांचं मंडळ मी चालवत होती.

मी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेली. बाप तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. घर बौद्ध. क्वार्टरात घरोघरी नळ होता, त्यामुळे पाणी कोणाच्या हातचं, हा सवाल लहानपणी माझ्यासमोर आलाच नाही. कारखान्याच्या बसमध्ये बाप सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून जायचा. पुढे भंडाऱ्याला कॉलेजात गेली. पत्रकं लिहिली, स्टेन्सिल कापले, छापलेली पत्रकं बसस्टँडवर वाटली. बोटांची शाई जात नव्हती. समता, समता, समता. एक दिवस वाटलं, कागद पुरे झाला, गावात जावं. म्हणून आंबागडला आली.

आणि संस्थेनं माझ्या हातात ट्रे दिला.

तो संस्थेचा रिवाज होता. पाहुणा कोणीही असो, पहिला पेला मी द्यायचा. ऑफिसात शिपाई होता, स्वयंपाकाला बाई होती. चहा ते देत, जेवण ते वाढत. पण पहिला पेला माझा. त्यासाठी मला आंबागडहून निरोप पाठवून बोलावून घेत. बालवाडीची पोरं सोडून मी एसटीने तुमसरला यायची, पेला द्यायची, ते वाक्य ऐकायची, परत जायची. पाहुण्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. माझी जात मात्र पाण्याच्या आधी त्यांच्यापर्यंत पोचलेली असायची.

रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत आंबागडच्या बाया सकाळपासून बांधीत, धानाच्या शेतात वाकलेल्या असत. बालवाडीत पोरं कोण आणून सोडणार? मी बालवाडीच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर नेली. बांधीच्या कडेला मोहाच्या झाडाखाली पोतं अंथरायचं आणि पोरांना तिथंच बसवायचं. तान्ह्या पोराची माय चिखलाचे पाय घेऊन येई, पाजून परत जाई. धुऱ्यावर मडकं एकच, पाणी काढायचा गडवा एकच. तहान लागली की ज्याचा हात पोचला तो पाणी काढे आणि पुढच्याला देई. सुभद्राबाई मंडळात सगळ्यात मोठी. पहिल्या वर्षी तिनं घरी मला वरून पाणी ओतून दिलं होतं. लपवलं नाही. "आमच्याकडं असंच हाय, बाई," म्हणाली. मी भांडली. ती भांडली. पुढच्या रोवणीत तिनं गडवा माझ्या हातात दिला आणि माझ्या मागून त्याच गडव्याने प्यायली. भाषण नाही, पाहुणा नाही.

धुऱ्यावरची बालवाडी ही आपली कल्पना, असं बाबूजी पाहुण्यांना सांगत. सांगू दे. मला आंबागडचं केंद्र हवं होतं. त्या वर्षी केंद्राचा प्रमुख नेमायचा होता. प्रमुख मी झाली असती तर बालवाडी कुठं भरवायची, मंडळाने काय करायचं, हे तुमसरच्या ऑफिसात ठरलं नसतं. बायांना तेच पाहिजे होतं. मला तेच पाहिजे होतं.

उन्हाळ्यात तुमसरला शिबिर ठरलं. विषय, संस्थेच्या यशस्वी प्रमुखाच्या अंगी कोणते गुण असावे. वक्ते बाबूजीच. भाषणानंतर प्रमुखाचं नाव जाहीर होणार होतं. आदल्या दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"पोरी, गुण तर सगळे आहेत तुझ्यात. मेहनत आहे, बोलणं आहे, बायका तुझं ऐकतात. पण प्रमुख म्हटलं की गावातल्या चार मोठ्या लोकांत बसावं लागते. ते तुले मानतीन का?"

"रोजच भेटतात मले, बाबूजी. मानतात."

"तोंडावर. मी आतलं सांगून राहिलो. मी पुतण्याचा विचार केला आहे."

हा पुतण्या आंबागडला एकदा आला होता. जीपमधून एक पाय खाली ठेवला, चिखल पाहिला, पाय वर घेतला.

मी पिशवी उचलली. बाबूजींना वाटलं, मी समजून घेतलं. प्रेमाने म्हणाले, "नाराज नको होऊ. पहिला पेला तुझाच राहीन."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. आंबागडच्या बाया सतरंजीवर बसल्या होत्या, मी त्यांच्यातच बसली. सुभद्राबाईनं कोपर मारलं. "बाई, आज तुमचं नाव पुकारतीन ना?" पुतण्याचं ठरलं आहे, हे मी तिला सांगितलं.

टेबलावर भरलेला तांब्या, बाजूला पेले. बाबूजी माईकसमोर आले. "सुरुवात आपल्या रिवाजाने करू. ही आमची लेक. हिच्या हातचं पाणी आम्ही..."

मी उठली नाही.

"ये पोरी."

"बाबूजी, आज तुम्ही द्या."

"काय द्या?"

"पाणी. मलेही तहान लागते. इतके वर्ष झाले, तुमच्या हातचं मी कधी पेली नाही."

बाबूजी माईकवर हसले. "लेक रुसली आहे आमची." पुढच्या खुर्च्या हसल्या.

सुभद्राबाई बसल्या जागेवरून बोलली, "रुसली नाही जी. तहानली हाय."

हसणं थांबलं. शिपाई तांब्याकडे धावला, बाबूजींनी त्याला हातानेच मागे केलं. मग भाषण सुरू झालं. प्रमुखाच्या अंगी पहिला गुण, नम्रता. दुसरा, लोकांचं ऐकून घेणं. बाहेर ऊन पेटलं होतं, पंखा गरम हवा फेकत होता. त्यागावर येईपर्यंत त्यांचा घसा बसला. खोकले. तांब्या त्यांच्या हाताजवळ होता. पण स्वतःसाठी तो उचलला असता, तर माझ्यासाठी उचलत नाहीत हे सगळ्या हॉलला दिसलं असतं. ते हुशार होते. त्यांना कळलं. ते तहानलेलेच बोलत राहिले. आम्ही तहानलेलेच ऐकत राहिलो. तांब्याला कोणी शिवलं नाही.

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं. एक पेला पाणी. तेवढं झालं असतं तर मी कदाचित पुतण्याचं नावही गिळलं असतं.

प्रमुख पुतण्याच झाला. मला निरोप आला, माफी मागावी, येत्या पाहुण्यांना नेहमीसारखा पेला द्यावा, बालवाडी माझ्याकडेच राहील. मी नाही म्हटलं. बालवाडीला संस्थेचं कुलूप लागलं, मग पुतण्याने आणलेल्या नव्या बाईच्या हातात किल्ली गेली.

रोवणी आली. मी धुऱ्यावर पोतं अंथरलं. काही पोरं आली. बरीच नाही आली. सुभद्राबाई स्वतः सांगायला आली, "नातू तिकडं धाडते बाई. तिथं खिचडी भेटते. राग नका मानू."

"नाही मानत."

खरंच नाही मानला. भुकेल्या पोराला माझ्या मानापायी उपाशी ठेवायला मी बाबूजी नाही. ती बसली, मडक्यातून पाणी काढलं, आधी मला दिलं. मग बांधीत उतरली.

आता कॉलेजातली पोरं विचारतात, संस्था चालवणाऱ्याच्या अंगी काय पाहिजे. पूर्वी मी यावर अख्खं पत्रक लिहिलं असतं. आता माझ्याकडे एकच कसोटी आहे. ज्यांच्या नावाने तुमची संस्था चालते, ते तहानलेले बसले असताना तांब्याकडे तुमचा हात जातो का? जात नसेल तर बाकीचे गुण तुमच्या भिंतीवर लावा.

मी थकली आहे. पाय दुखतात, घसा बसतो, धुऱ्यावर ज्या दिवशी पोरं कमी येतात त्या दिवशी घरी जावंसं वाटते. जाणार नाही. माझ्या मडक्यातलं पाणी येणाऱ्या कोणालाही मिळेल. बाबूजी आले तर त्यांनाही. त्यांनी वाकावं, आपल्या हाताने काढावं, आधी बाजूच्या बाईला द्यावं, मग प्यावं. ते जमत नसेल तर तहानलेलं परत जावं. मी उठणार नाही.