पासपोर्टवरचं कुंकू

साउथॅम्प्टन बंदराकडे जाणाऱ्या ट्रेनमध्ये माझ्यासमोर लंडनच्या हॅरोमधल्या एक मराठी आजी होत्या. कॅरिबियन क्रूझला एकट्याच निघालेल्या. दर स्टेशनला पर्समधून पासपोर्ट काढायच्या, उघडायच्या आणि घाईघाईनं मिटायच्या.

“अहो, प्रत्येक बेटावर हा बघतात का हो?”

“बघू शकतात. बोटीवर चढतानाच बघतील.”

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं, नवा पासपोर्ट आला तेव्हा यजमानांनी तो देवापुढे ठेवला होता आणि थट्टेनं फोटोतल्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. तो लाल डाग अजून होता.

“यावरून अडवतील का हो मला?” त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं.

मी शहाणपणानं ओला टिश्यू पुढे केला. त्यांनी पासपोर्ट छातीशी धरला.

“नको. पुन्हा लावायला ते नाहीत आता.”