रंगवलेले फोल्डर

पक्षाघातानंतर ह्यांचं चालणं सुधारलं, बोलणंही तुटक तुटक परत आलं. वाचणं मात्र गेलं ते गेलंच. तेरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेला माणूस पेपर हातात धरायचा, उलटसुलट करायचा आणि बाजूला ठेवायचा. "अक्षरं दिसत्यात," म्हणायचे, "पण बोलत न्हाईत."

मी शेजारच्या गावात शिक्षिका. सकाळी बसनं जायची ती संध्याकाळी परत. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. घरात दिवसभर हे एकटे. भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं, शेताचे फोटो, मुलीचं लग्न, सगळं त्यांनीच हौसेनं कॉम्प्युटरवर साठवलं होतं. पण फोल्डर सगळे पिवळे, फरक काय तो खालच्या नावाचा. म्हणून माझी वाट बघत ओट्यावर बसायचे. मी चप्पल काढायच्या आत म्हणायचे, "भजन लाव."

शाळेतल्या एका तरुण बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, फोल्डरचे रंग बदलता येतात की. छोटंसं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं." त्यांनी पेन ड्राइव्हवर आणून दिलं. फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबलं की रंगांची यादी यायची. रविवारी ह्यांना शेजारी बसवलं. शेत हिरवं केलं, लग्न लाल, भजनं भगवी. ह्यांनी डाव्या हातानं माउस धरला, लाल फोल्डर उघडला आणि मुलीचा फोटो समोर आला.

सोमवारी मी आले तर ओटा रिकामा. मी घाबरून आत धावले. हे खुर्चीत, भजन चालू, मान डोलतेय. माझ्याकडं वळून बघितलंही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला आणि उगाच रडले. घरात मला कुणी हाक मारत असेल तर हेच, आणि आता त्यांना माझी गरज उरली नव्हती.

महिन्याभरानं एकदा त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर एकेका रंगावर बोट ठेवत गेले. "शेत. पोरगी. भजन." मग माझ्याकडं बोट केलं. "तू कुठं हाईस?"

लग्नातली गर्दी सोडली तर मी कुठंच नव्हते. फोटो नेहमी मीच काढायची.

"नाही माझे फोटो," मी म्हणाले.

"मोबाइल दे."

त्या दिवसापासून ते माझे फोटो काढायला लागले. मी भाजी निवडताना, वह्या तपासताना, दोरीवर कपडे वाळत घालताना. डावा हात थरथरायचा. कुठं नुसता खांदा यायचा, कुठं अर्धा कान. "थांब, हलू नको," मलाच दटावायचे. त्या फोटोंसाठी जांभळा फोल्डर केला. रंग त्यांनी निवडला.

पुढच्या चैत्रात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मुलीनं दोघांचा एकत्र फोटो मागितला, भिंतीवर लावायला. अलीकडचा एकही सापडला नाही. मी तिला जांभळा फोल्डरच पाठवला. तिचा फोन आला, "आई, हे तर सगळे हललेत गं."

"असू दे," मी म्हणाले. "बाबांनी काढलेत."

मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

मी हो म्हणून सांगितलं. जेवले नव्हते.