बाईंचं छोटंसं काम

नववीत शाळा सोडली तेव्हा वाटलं, इंग्रजीचा पिच्छा सुटला. सुटतोय कसला! मिरजेहून थेट लंडनमधल्या हॅरोला आले, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करायच्या नोकरीवर. हात बरोबर चालायचे, पण कोणी बघायला लागलं की तोंडाला कुलूप.

सकाळचं पहिलं घर बाईंचं. बाई एकेकाळच्या सिनेनटी. पूर्व युरोपातल्या आपल्या देशात ऐन विशीत हिरॉइन होत्या. तेव्हाचा फोटो अजून भिंतीवर आहे. लंडनला आल्यावर मात्र त्यांचे उच्चार ऐकून इथल्यांनी मोलकरीण, नर्स, हेराची बायको असलीच कामं दिली.

"जन्मभर दुसऱ्यांसाठी दारं उघडली मी," त्या हसत सांगायच्या. "पण हिरॉइन वाक्य विसरली की तिला ते आठवेल असं काहीतरी मीच करायचे. कॅमेऱ्याला पत्ता नाही!"

माझं प्रोबेशन संपत आलं. सुपरवायझर बाईंच्याच घरी माझं काम बघायला येणार होत्या. नापास झाले तर नोकरी जाणार, आणि व्हिसा त्या नोकरीवरच. आदल्या सकाळी बाईंचे केस विंचरताना मी एकच भांग तीनदा पाडला. त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं.

"प्रेक्षक किती?"

"एकच, मॅडम."

"मग काय! एका तिकिटावर शो कॅन्सल करतात."

शो काही कॅन्सल झाला नाही. सुपरवायझर समोर बसल्या. म्हणाल्या, "यांना उठवण्याआधी काय काय बघता, ते सांगा." रोजचंच काम. पण माझं नुसतं "येस, येस" आणि मान डोलावणं.

तेवढ्यात बाईंनी एक स्लिपर पायातून उडवली आणि खुर्चीतून उठायलाच लागल्या.

"नो, मॅडम! बसा आधी!" मी ओरडलेच. "पायात स्लिपर नाही, चालायची फ्रेम तिकडे लांब आहे. आधी फ्रेम जवळ. दोन्ही पाय टेकवा. आता मला धरा. घाई नाही."

सगळं इंग्रजीत. मोडकंतोडकं, पण एका दमात.

"हेच तर विचारत होते," सुपरवायझर हसून म्हणाल्या आणि जाताना "पास" सांगून गेल्या.

दार लागल्यावर मी बाईंना म्हटलं, "पडला असतात तर?"

"तू होतीस की. ते सोड, माझं काम कसं झालं?"

थँक्यू तर मी बसच्या ड्रायव्हरलाही म्हणते. स्लिपर चढवायला वाकलेच होते, तसाच त्यांच्या पायांना हात लावला.

"हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि पाय तसेच ठेवले.