सांबार म्हणजे कोथिंबीर

नामनिर्देशित व्यक्तीचे नाव : सौ. पंचफुला जगदेव इढोळे. वय : त्रेपन्न वर्षे. शिक्षण : चौथी, अपूर्ण. राहणार : अनसिंगजवळ, जि. वाशीम. व्यवसाय : भाजीपाला उत्पादन व दृक्‌श्राव्य आशयनिर्मिती. प्रेक्षक : एकसष्ट हजार. पोहोच : महाराष्ट्रातील सर्व जिल्हे, तसेच आखाती देश. प्रेरणा : शेतकरी बांधवांची सेवा.

एका संस्थेच्या पुरस्कारासाठी हा अर्ज सुनेने, सुचिताने, भरला. शेवटचा रकाना सोडला तर त्यातलं सगळं खरं आहे.

चार वर्षांपूर्वी पंचफुलाबाईंची मुलगी वैष्णवी आपल्या मनाने लग्न करून निघून गेली. घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं जगदेवरावांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच पक्कं झालं. वैष्णवीनेही नंबर बदलला.

पुढच्या वर्षी सुचिता बचत गटाच्या शिबिरातून ‘प्रभावी व्हिडिओ कसा करावा’ हे शिकून आली. व्हिडिओ कोणीही, कुठेही बसून पाहू शकतं, असं तिने सासूला समजावलं. पंचफुलाबाईंनी एकच विचारलं, “कुठीबी?” सुचिता हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून वाफ्यात उभ्या राहिल्या.

शिबिराचे नियम साधे होते. उजेड तोंडावर हवा. पाहणारा पहिल्या तीन सेकंदांत थांबला पाहिजे. आणि हजारो लोकांशी नाही, एकाच माणसाशी बोलतोय असं बोलायचं. हा शेवटचा नियम पंचफुलाबाईंना शिकवावा लागला नाही. “धने रगडून दोन फाकी करायचे, मंग पेरायचे,” त्या कॅमेऱ्याला सांगत. “तू अख्खेच पेरत होती.” लोकांना ही आपुलकी फार आवडली. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी मात्र आपण पुरुष असल्याचं नम्रपणे कळवलं.

मग ‘बारा महिने सांबार’ हा व्हिडिओ आला आणि चार लाख लोकांनी पाहिला. त्यांतले बरेचसे इडलीसाठी आले होते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे उरलेल्या महाराष्ट्राला कोणी सांगितलेलं नाही. डाळ कधी घालायची, असं लोक विचारत राहिले. बाईच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, अशीही तक्रार आली. शिबिराच्या सरांनी फोनवर सल्ला दिला की कोथिंबीर म्हणा, आणि भेदरं न म्हणता टोमॅटो म्हणा. सुचिताला पटलं.

पंचफुलाबाई रागावल्या नाहीत. जुड्या बांधता बांधता म्हणाल्या, “मी कोथमीर म्हटलं तं तिले वाटीन, हे दुसरंच कोनी बोलून राह्यलं.”

बाजूला जगदेवराव चहा पीत होते. ‘तिले’ म्हणजे कोणाला, हे त्यांनी विचारलं नाही. कप तसाच ठेवून विहिरीकडे गेले.

शेवटी सुनेचा शब्द राहिला. पुढचे दोन महिने पंचफुलाबाई धडा म्हणून दाखवावा तशी ‘कोथिंबीर’ म्हणत होत्या. प्रेक्षक वाढत गेले.

एक दिवस व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं, “सांबारच म्हणत जा. कोथिंबीर म्हटलं की घरचं वाटत नाही.” लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं. सुचिताने ते वाचून दाखवलं. पंचफुलाबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

“लिह,” त्या म्हणाल्या. “वैशू, तूच व्हय ना? बाबा आता काई म्हनत नाईत.”

बाबा समोरच बसले होते. सुचिताने त्यांच्याकडे पाहिलं. ते काही म्हणाले नाहीत, तेव्हा तिने ते पाठवलं, एकसष्ट हजारांच्या देखत.

तीन दिवस जगदेवराव घराबाहेर लांब गेले नाहीत. चौथ्या दिवशी उत्तर आलं. वाचताना सुचिता मध्येच थांबली, पण सुरू केलेलं संपवावं लागलं. “नाही काकू. मी सुप्रिया. माहेर कारंज्याचं, आता सुरतले राहतो. माय गेल्यापासून तुमचेच व्हिडिओ पाहतो.”

पंचफुलाबाईंच्या हातातली जुडी बांधून झाली होती. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली.

“तिले लिह,” म्हणाल्या, “सांबार म्हनीन म्हना.”

त्या आता सांबारच म्हणतात. प्रेक्षक थोडे कमी झालेत. सर नाराज आहेत. व्हिडिओ टाकला की जगदेवराव सुनेला विचारतात, किती जणांनी पाहिला? ती आकडा सांगते.

“कोन कोन?” ते विचारतात.

तशी सोय त्यात नाही, असं ती दर वेळी सांगते.

वैष्णवी कोणत्या गावात राहते, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.