तिसऱ्या खेपेचं साल

दुष्काळाच्या त्या सालाचं कुनी काय इचारलं की माजं आसं हुतं, एक सांगाया घ्यावं तर मागनं दुसरं ढकलत येतं. खडीच्या ढिगातला खालचा एक दगड वढला की वरचं समदं घरंगळतं, तसं. मला काय नीट लावून सांगता येत न्हाई. साळंत चौथीच्या पुढं गेलो न्हाई, नि चौथीत बी मास्तरच्या अंगावर धावून गेल्तो म्हनून घरी बसवला. तवा आठवंल तसं सांगतो. मदी कुनी टोकायचं न्हाई. टोकलं की मी उठून जातो, ठावं हाय तुमाला.

घरात आमी तिघं. मी, माजी बायको सखू, नि आबा, म्हंजी माजा बाप. गाव तिसगावच्या वरल्या अंगाला. त्या साली सखूला दिवस गेलं हुतं. तिसऱ्या खेपंला. आदीची दोन गेली. पयलं तिसऱ्या दिशी, दुसरं नवव्या दिशी. दोन्ही हातापायानं धड हुती. का गेली, कुनालाच कळलं न्हाई. म्हनून घरात त्या पोटाचं नाव कुनी काढत नव्हतं. पानी न्हाई, चारा न्हाई, जवारी करपली, ह्याचं समदं बोलायचो. पोटाचं न्हाई. पन तिघांच्या बी डोक्यात दुसरं काय नव्हतंच.

* * *

दिवाळी झाल्यावर गावाच्या वर पाझर तलावाचं दुष्काळी काम निगालं. पयल्याच दिशी मी हजेरीच्या कारकुनाशी भांडलो. कारन काय, तर त्यानं मला इचारलं, "काम जमतं का?"

आता शेतकऱ्याच्या पोराला काम जमतं का म्हनून इचारतोय. मी म्हनलं, "खुर्चीवरनं खाली उतर, दावतो."

त्यानं वही मिटली. "ह्याचं नाव न्हाई लिवायचं. चला, पुढचा."

मी तनतनत लिंबाखाली जाऊन बसलो. आबा शेजारी कपाळाला हात लावून. घटकाभरानं बघतो तर सखू रांगंत हुबी. तिची पाळी आली तसा कारकून म्हनला, "तू त्याचीच ना? लई रागीट हाय त्यो."

"हाय की," सखू म्हनली. "पन सायेब, हितं दगडंच फोडायची हायेत ना? त्यो राग घरी ठिवला तर माजी भांडी फुटत्यात. हितं ठिवा, तुमची खडी हुईल."

कारकुनानं मान खाली घालून तीन नावं लिवली. मान वर करत नव्हता, हासतोय ते दिसंल म्हनून.

* * *

खडी फोडायची म्हंजी मला वाटलं ताकदीचं काम. एक काळा धोंडा माज्या वाट्याला आला. मी घन उचलून हानला, हानला, वीस घाव घातलं आसतील. धोंड्याला नुसतं पांढरं डाग. मी धोंड्याच्या आईबापाचा उद्धार केला, शेवटाला घन फेकून दिला.

आबा सत्तरीचं. हातात ल्हान हातोडी. उठून आलं, धोंड्याभवती एक फेरी मारली, हात फिरवला, जसं बाजारात बैलाच्या पाठीवरनं फिरवत्यात. म्हनलं, "कूस बदल त्याची." मी धोंडा कुशीवर केला. आबांनी एकच ठोका घातला. हळू. धोंडा दोन भाकऱ्यांगत उघडला.

मी बघतच ऱ्हायलो. म्हनलं, "आबा, हे कवा शिकलाव?"

आबा म्हनलं, "ह्यो तरी कुशीवर केल्यावर ऐकतो. तुजी कूस मला तीस वर्सं गावली न्हाई."

त्याच महिन्यात आमचा एक बैल जनावरांच्या चारा-छावनीत बसला तो उठलाच न्हाई. सांगावा आला तवा आबा कामावरच हुतं. ऐकलं, हातोडी खाली ठिवली, टोपी काढून मांडीवर घेतली. मग टोपी घातली नि पुढचा धोंडा कुशीवर केला. सांजपतोर त्या मानसानं एक ठोका वाया घालवला न्हाई. मला मातर दिसभर एक बी दगड फुटला न्हाई.

* * *

कामावर गरवार बायांना सुकडी मिळायची. गोडसर पीठ, मूठमूठभर. त्या दिसांत घरी सरकारनं परदेशातनं आनल्याल्या मिलो जवारीची लाल भाकरी, तिला ना चव ना चिकटपना. सुकडी म्हंजी मेवाच. एक दिस मी बघतो तर सखू पदरातली सुकडी शेळीला चारतेय.

माजं डोस्कं फिरलं. "आगं ए, पोटात पोर नि तू जनावराला चारतीस?"

ती शेळीच्या तोंडाकडंच बघत म्हनली, "तीबी गाबन हाय. मागच्या दोन्ही टायमाला मला दूध आलं न्हाई नीट. ह्या टायमाला न्हाई आलं तर हिचं आसंल."

तीन म्हैने फुडचं बघून बाई सोताच्या तोंडचा घास शेळीच्या पोटात ठिवत हुती.   आनि बघा माजी अक्कल. म्हैन्याभरानं त्याच शेळीनं माजा वाळत घातल्याला पटका चघळला, नि मी रागाच्या भरात तिला तिसगावच्या बाजाराला नेऊन खाटकाला देऊन आलो. आख्खी वाट चालून झाली तरी डोक्यात आलं न्हाई आपुन काय केलं ते. दारात आल्यावर सखूनं मोकळ्या खुंटीकडं बघितलं, तवा आलं.

  माज्या हातातलं पैसं घिऊन ती तशीच पायात वहाना घालून निगाली. सातवा म्हैना. मी मागनं वीस पावलं टाकत. पुढं जायाचं धाडस हुईना, मागं फिरायची बी लाज वाटत हुती.

बाजार मोडाया आलेला. खाटकाच्या कळपात दीडशे शेरडं. सखूनं लांबनंच "ये गं" म्हनलं, तशी त्या गर्दीतनं आमची शेळी दुसऱ्या शेरडांच्या पाठीवर पाय देत आली. सखूनं पैसं खाटकापुढं ठिवलं. त्यो म्हनला, "बाई, सवदा झालाय, मोडता येत न्हाई."

सखू म्हनली, "मामा, हिच्या पोटात हाय नि माज्या पोटात हाय. माजी दोन गेल्यात. हिचं तरी जगू द्या, म्हंजी माजं जगंल."

खाटकानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागं वीस पावलांवर मी हुबा, माज्याकडं बघितलं. दोरी सखूच्या हातात दिली नि मला म्हनला, "पाव्हनं, फुडच्या बाजारी तुमाला कुनी इकाया आनलं तर मी घेनार न्हाई."

* * *

आता सरजाआक्का. आमच्या शेजारची. सा पोरं, सगळी जिती, त्यातलं धाकलं अंगावर पिनारं. तोंड आसं की मिरचीनं शिकावं. सरकारी टँकरच्या रांगंत तिनं घागर माज्या म्होरं सरकवली म्हनून मी लाथ घातली नि घागरीला पोचा आला. तवापासनं बोलनं बंद.

आनि आमच्याकडं एक चाल हाय. ज्या घरात लेकरं टिकत न्हाईत, त्या घरातलं नवं लेकरू सुपात घालून दुसरीला इकायचं. जिची सगळी जगल्यात आशा बाईला. तिनं पसाभर दानं द्यायचं, लेकरू उचलायचं, म्हनायचं हे माजं. मग लगीच परत आईच्या वटीत द्यायचं, माजं लेकरू संबाळ म्हनून. म्हंजी आपलं नशीब त्याला लागत न्हाई.

आठवा लागल्यावर सखू पयल्यांदाच पोटाचं बोलली. "इकायचं तर सरजाआक्कालाच."

"गावात दुसरी बाई न्हाई का?"

"बाया लई हायेत. पन सा च्या सा कुनाची हायेत?"

आबा म्हनलं, "किसन्या, जा."

मी तिच्या दारात गेलो. म्हनलं, "आक्का, घागर द्या. पोचा काढून आनतो." तिनं घागर आनून आदळली. मी पाथर्डीला चालत जाऊन तांबटाकडनं पोचा काढून आनला, दारात ठिवली, खाली मान घालून हुबा ऱ्हायलो.

तिनं घागर फिरवून फिरवून बघितली. म्हनली, "घागरीचा निगाला. तुज्या डोक्याचा कवा काढनार?"

"काढतो, आक्का."

"मग सखूला सांग, म्या घेनार हाय."

मी काय इचारायच्या आदीच.

* * *

सखू बाळात झाली ती कामावरच. वैशाखातली दुपार. जेवनाच्या सुट्टीत खडकात सुरुंग उडवायचे. लाल फडकंवाला शिट्टी मारायचा, समदी लांब जाऊन बसायची. त्या दिशी शिट्टी झाली, मानसं पांगली, नि खडकाच्या आडूशाला सखू बसली ती उठंना. तिथनं हलवता यीना. सरजाआक्का नि दोघी बाया लुगडं आडवं धरून तिथंच थांबल्या. सुरुंग भरलेलं, वाती लावलेल्या, फकस्त काडी वढायची बाकी.

मी सुरुंगवाल्याच्या अंगावर धावून गेलो. "काडी वढलीस तर याद राख!"

त्यानं काडीपेटी माज्या हातात दिली. म्हनला, "घे. तूच ठिव. तुला देयाची आसंल तवा दे."

 काडीपेटी मुठीत धरून मी खाली बसलो.

आन मग जे झालं ते मी जन्मात इसरनार न्हाई. एवढ्या मानसांचं काम, पाच गावांची मानसं, समदी उनात बसली. सुट्टी सपली तरी कुनी बोललं न्हाई. कुनी भाकरी सोडली न्हाई. पोरं सुदिक गप. नुसता वारा नि लांब कुटं टिटवी. किती येळ गेला ठावं न्हाई. मग त्या लुगड्यामागनं आवाज आला. बारीक. पन एवढ्या माळावर शेवटच्या मानसापतोर गेला. म्हातारी मानसं टोप्या काढून हुबी ऱ्हायली.

सांजच्याला हजेरी झाली. मुकादम कारकुनाला म्हनला, "सखूबाईचा आर्धाच दिस लावायचा ना?"

कारकून, त्योच, पयल्या दिशीचा, म्हनला, "आर्धा? आज दुपारधरनं ह्या तलावावर तिनं एकटीनं काम केलं. आपुन समदी बसून हुतो."

* * *

मुलगा झाला. तिसरा दिस गेला. त्या दिशी आमी तिघं बी जेवलो न्हाई. पन दिस पार पडला.

पाचव्या दिशी सकाळी लेकरू सुपात घातलं नि उंबऱ्याभाईर ठिवलं. सरजाआक्का आली. पदरात मिलो. पसाभर सुपात टाकली, लेकरू उचललं, म्हनली, "हे माजं." आमी वाट बघतोय, आता सखूच्या वटीत दील. तर ती लेकरू घिऊन सरळ आपल्या घरला चालाया लागली.

"आक्का!" मी धावलो. आबांनी धोतर धरलं.

ती मागं वळून म्हनली, "इकलं न्हाई का? मग?" नि दार लोटून घेतलं.

सखू भिताडाला टेकून बसली. रडली न्हाई. नुसतं त्या दाराकडं बघत. मी तीनदा काठी उचलली, तीनदा आबांनी काढून घेतली.

दिवं लागायच्या आदी सरजाआक्का परत आली. काखंत तिचं धाकलं. चार म्हैन्याचं, गुटगुटीत. पाच पोरींवर झालेला पोरगा. तिनं त्यो सखूच्या वटीत ठिवला.

"ह्यो हितं ऱ्हाईल. पाज त्याला. तुजं मी पाजतेय."

सखू म्हनली, "आक्का, ह्या घरात दोन गेल्यात."

"मला सांगतीस व्हय? दोघांना शेवटची आंगूळ म्याच घातली हुती."

"मग ह्याला कशाला..."

"पाळना मोकळा दिसला की हुडकत बसंल."

आदीची दोन ज्यानं नेली, त्यो कोन, ते कुनी इचारलं न्हाई.

तिचा पोरगा आमच्या पाळन्यात निजला. सखूला ह्या टायमाला दूध आलं. पोरगं चटचट प्यायचं. आमचं पलीकडच्या घरात रडलं की सखूची मान वळायची, नि हितं हे रडलं की पलीकडच्या चुलीपुढची भांडी वाजायची थांबायची. पन दोघींतली एक बी उंबरा वलांडून आली न्हाई. मी त्या दिसांत आवाज चढवला न्हाई. दार सुदिक हळू लावायचो.

नवव्या दिशी कुनी कामावर गेलं न्हाई. मी दोन्ही घरांच्या मदल्या बोळात बसून ऱ्हायलो, सकाळपासनं दिवस बुडंस्तवर. पलीकडच्या भिताडाला सरजाआक्काचा नवरा तसाच बसला हुता. आमी एकमेकांकडं बघितलं न्हाई. दोघांचं बी कान दोन्हीकडं.

तेराव्या दिशी सकाळी ती आली. आमचं लेकरू सखूच्या मांडीवर ठिवलं. जिवंत. लाल. मुठी आवळून रडतंय. म्हनली, "घे. लई तापट हाय, बापावर गेलंय." नि आपला पोरगा पाळन्यातनं उचलून घेतला. त्याच्या डोक्याचा वास घेतला, एकदा, लांब.

मी दारात आडवा हुबा ऱ्हायलो. मला पायाच पडायचं हुतं, पन ते जमंना, म्हनून इचारलं, "आक्का, खरं सांगा. तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

तिनं माज्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं.

"वाटलं की," म्हनली. "सरक बाजूला. टँकर आलाय."