खालून बघायचं जहाज

आस्मुस थोगरसनला कुणी कलाकार म्हटलं असतं, तर हे कुणाला म्हणताहेत म्हणून त्याने आधी मागे वळून बघितलं असतं. जन्मभर त्याने आमच्या स्कारवीगच्या गोदीत मासेमारीच्या लाकडी होड्या बांधल्या. फळी सरळ असते नाहीतर वाकडी, होडीत पाणी शिरतं नाहीतर शिरत नाही. याच्या पलीकडे काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. माणूस खडूस आणि अबोल. आणि आम्हा डॅनिश कोळ्यांमध्ये अबोल म्हणवून घ्यायचं तर बरंच गप्प राहावं लागतं.

तरी त्याच्या हातची एक वस्तू सगळ्या गावाच्या डोक्यावर टांगलेली होती. आमच्या किनाऱ्यावर चर्चच्या छताला लाकडी जहाज टांगायची रीत आहे, नाळ म्हणजे पुढचं टोक वेदीकडे करून. आमचं जहाज आस्मुसने केलेलं. त्याचा धाकटा भाऊ लाउरिड्स पानगळीच्या दिवसांतल्या एका वादळात होडीसकट गेला. समुद्राने होडीची एक फळी तेवढी परत दिली, लाउरिड्सला दिलं नाही. त्याची बायको योहाने तेव्हा ऐन तरुण होती. ना थडगं, ना दगड. फुलं ठेवायची तरी कुठे? तिने दिराला सांगितलं, चर्चसाठी जहाज कर. त्याने केलं. तेव्हापासून योहाने दर रविवारी त्या जहाजाच्या बरोबर खालच्या बाकावर बसायची, आणि भजन चालू असताना मान वर करून बघत राहायची. पुस्तकात बघून गाणारे बाकीचे आम्ही, आणि वर बघून गाणारी ती. याची गावाला इतकी सवय झाली होती की ते कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

गोदी बंद झाली, आस्मुस घरी बसला, आणि त्याचे रिकामे हात शिवशिवायला लागले. त्याच हिवाळ्यात सिसेल राव्न नावाच्या बाईंनी चर्चशेजारच्या सभागृहात संध्याकाळचा वर्ग काढला. सिसेल शहरातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वर्गाचं नाव होतं ‘माणूस आणि त्याची कला’. आस्मुस गेला तो खरं तर कॉफी आणि बदामाच्या केकसाठी. पण तिथे पांढऱ्या पडद्यावर देवळं आली, पुतळे आले, गुहेतले बैल आले, आणि गडी अडकला. सिसेल पहिल्याच दिवशी विचारत्या झाल्या, पोट भरलेलं आहे, अंगावर कपडा आहे, मग माणूस हे सगळं करतो कशाला? सगळ्यांनी केकचा आणखी एक तुकडा घेतला. आमच्याकडे वर्गात हात वर करणं हा आगाऊपणा समजतात.

पुढे एकदा त्यांनी प्रमाण म्हणजे काय ते समजावलं. डोकं शरीराच्या कितव्या हिश्श्याएवढं, खांबाची जाडी उंचीच्या किती. हे आस्मुसला पाणी पिण्याइतकं सोपं गेलं, कारण हे त्याच्या धंद्यातलं होतं. सिसेल पुढे बरंच काही बोलल्या, पण याच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं, की कला म्हणजे प्रमाण. घरी येऊन त्याने खुर्ची मोजली, कपाट मोजलं, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याकडेही जरा संशयाने बघितलं.

वसंतात चर्चला चुना द्यायचा म्हणून जहाज खाली उतरवलं आणि सभागृहातल्या टेबलावर आणून ठेवलं. इतक्या वर्षांत ते कुणी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. आस्मुसनेसुद्धा नाही. डोलकाठ्या जाडजूड, दोर बोटाएवढे, तोफा डेकवरच्या लाकडी माणसांपेक्षा मोठ्या, आणि त्या मानाने जहाजाचं पोट अगदीच खुजं. वर्गातल्या मंडळींनी भोवती फेरी मारली. सिसेलनी मनापासून कौतुक केलं. “गावातल्या हातांनी केलेल्या कामात असंच असतं,” त्या म्हणाल्या. “मोजमाप चुकतं, पण त्यात एक भाबडेपणा असतो. मला तो फार आवडतो.”

त्या चांगल्या मनाने बोलल्या, यात शंका नाही. पण भाबडेपणा हा शब्द आस्मुसच्या जिव्हारी लागला. तरुणपणी आपण डोळे मिटून काम केलं होतं की काय? चर्चचा सेवेकरी गोर्म म्हणाला, जहाज उतरलंच आहे तर जरा रंगाचा हात मारतोस का? आस्मुसला पडत्या फळाची आज्ञाच मिळाली. त्याने जहाज घरामागच्या शेडमध्ये नेलं, दार लावून घेतलं, आणि रंगाचा डबा उघडायच्या आधी करवत काढली.

चुना वाळेपर्यंत तो रोज तिथे होता. नव्या डोलकाठ्या बारीक आणि निमुळत्या, दोरांच्या जागी रेशमी धागा, तोफा वाटाण्याएवढ्या. प्रत्येक गोष्ट मोजून, हिशेबात. जुन्या डोलकाठ्या त्याने चुलीत घातल्या. वाळकं लाकूड, छान पेटलं. इतकं सुबक काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं. योहानेला त्याने काही सांगितलं नाही. तिला अचानक दाखवायचं होतं.

रविवारी चर्च नव्या चुन्याने लखलखत होतं. जहाज वर गेलेलं होतं, नाळ वेदीकडे. खालून वर बघितलं, तर पांढऱ्या छताखाली एक तपकिरी पोट लोंबत होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. डोलकाठ्या काड्यांसारख्या, धागे तर पांढऱ्यात विरूनच गेलेले. करायला गेला एक आणि झालं भलतंच. नंतर कॉफीच्या वेळी सगळ्यांनी ‘छान झालंय’ म्हटलं, आणि आमच्याकडे इतक्या लोकांनी ‘छान झालंय’ म्हटलं की समजावं, काहीतरी बिनसलं.

योहानेने एकदाच वर बघितलं होतं. मग पुस्तक उघडून ती खाली बघून गायली. पुढच्या रविवारी ती दाराजवळच्या बाकावर बसली. त्याच्या पुढच्या रविवारी आलीच नाही.

आस्मुसला आधी सिसेलचा राग आला. मग गोर्मचा. मग चुन्याचासुद्धा. शेवटी राग करायला दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा तो योहानेकडे गेला. तिने कॉफी ठेवली, राईच्या पावावर खारा मासा दिला.

“जहाज वाईट नाहीये,” ती म्हणाली. “बाकावरून दिसत नाही, एवढंच.”

“पहिल्यात सगळंच चुकलं होतं. टेबलावर ठेवलं तेव्हा मला लाज वाटली.”

“टेबलावर कशाला ठेवायचं? मी टेबलावर थोडीच बसते? तू विसरलास वाटतं. रोज ते तू शेडच्या तुळईला टांगायचास, आणि मी खाली पालथ्या टोपलीवर बसायचे. मी म्हणायचे, दोर दिसत नाहीत. तू उतरवून जाड करायचास. परत टांगायचास. मी ‘आता दिसतं’ म्हणेपर्यंत.”

तो विसरला नव्हता. त्याला इतकी वर्षं वाटत होतं, की ती दु:खाने वेडावलेल्या बाईची समजूत काढणं होतं. ते काम होतं, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नाही.

“मला तिथे लाउरिड्स दिसायचा,” योहाने म्हणाली. “आता बघायला जागा नाही.”

एवढं बोलून तिने कप उचलले आणि धुवायला नेले. आस्मुसला रडू आलं. भाऊ गेला तेव्हाही तो कुणादेखत रडला नव्हता, पण आता टेबलाशी बसून रडला, आणि योहानेने नळ उगाच जोरात सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो सिसेलना चर्चमध्ये घेऊन गेला आणि योहानेच्या जुन्या बाकावर बसवलं. त्या वर बघत राहिल्या. “मी टेबलावरची वस्तू बघून बोलले,” त्या म्हणाल्या. “तुमचं जहाज टेबलासाठी नव्हतं.” तो म्हणाला, तुमची एक चूक आणि माझ्या दोन, कारण करवत माझी होती. मग दोघांनी गोर्मला हाक मारली, आणि जहाज पुन्हा खाली आलं.

पुन्हा शेड, पुन्हा तुळई, आणि खाली टोपलीच्या जागी आता खुर्ची, कारण योहानेच्या गुडघ्यांना टोपली झेपेना. तिची नजरही आता अधू झाली होती. तो टांगायचा आणि विचारायचा. ती म्हणायची, अजून जाड. तो उतरवायचा.

“याहून जाड केलं तर खांब होतील, योहाने.”

“होऊ देत. मला दिसू देत.”

शेवटी डोलकाठ्या पहिल्याहूनही जाड झाल्या, दोर सुंभासारखे, आणि झेंडा तर जहाजाच्या अर्ध्या लांबीचा. जहाज वर चढवताना गोर्म म्हणाला, हे बुडणार बघ, झेंड्याच्याच वजनाने. आस्मुस म्हणाला, तू दोर ओढ.

त्या रविवारी तो मुद्दाम योहानेच्या शेजारी बसला. ऑर्गन सुरू झाला, सगळ्यांनी पुस्तकं उघडली. त्याने वर बघितलं नाही. जहाज कसं आहे हे आता त्याला जहाजाकडे बघून कळणार नव्हतं. तो तिच्या हातांकडे बघत होता. पुस्तक तिच्या मांडीवर मिटलेलं होतं.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात तिने मान वर केली आणि ती वरच राहिली. मग उशिरा जेवायला आलेल्या माणसाला म्हणावं तसं, अगदी हळू, ती म्हणाली, “आलास होय.”

आस्मुसने पुस्तकात डोकं घातलं आणि जमेल तशा आवाजात तो गायला लागला.