ढोलीतले बाबा
नव्या धानाचा वास आला की आरमोरीची ती दुपार आठवते. सासरे झाडीपट्टीच्या नाटकांत गायचे. ते गेल्यावर त्यांचा आवाज एका जुन्या हार्ड डिस्कवर तेवढा उरला होता. म्हणून मी दोन नव्या डिस्क एका पेटीत बसवून त्यांची ‘रेड’ जोडणी करायला बसलो, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीत तोच आवाज राहील. अंगणात धान वाळत होतं, पिवळं ऊन भिंतीवरून सावकाश उतरत होतं. संगणकाने विचारलं, फॉरमॅट केल्यास सगळं पुसलं जाईल, चालेल? बघतो तर जुनी डिस्क गायब! ‘‘मीच काढली,’’ बायको म्हणाली. ‘‘लग्नाचे फोटो तुमीच पुसले ना? बाबाले धानाच्या ढोलीत ठेवलं. तुमचं पुसणं होऊ द्या पयले.’’ पडद्यावरची निळी पट्टी झोपाळल्यासारखी सरकून एकदाची संपली. मग तिने ढोलीतून, म्हणजे धानाच्या कणगीतून, डिस्क काढली, कोंडा झटकला, मी आवाज नव्या डिस्कवर उतरवला, आणि थोड्या वेळाने खोलीभर सासरे गाऊ लागले. सासूबाईंनी डोळे मिटूनच विचारलं, ‘‘दोन्हीत हेच बसले का?’’ ‘‘हो.’’ ‘‘एकाले सांभाळता सांभाळता मी थकली, आता दोन-दोन!’’ म्हणाल्या, आणि हळूच, ‘‘आवाज वाढवा ना जरा.’’ आजही मी डिस्कच्या त्या पेटीला हात लावला, की बायको आधी ढोलीचं झाकण उघडते.